नोकरीची हद्द : कामगार नुकसानभरपाईचे विलक्षण दावे आणि कायद्याची भूमिका

१. प्रस्तावना

कामावर असताना कामगारास इजा झाली तर मालकाने त्याची नुकसानभरपाई द्यावी, हे तत्त्व आज सर्वमान्य आहे. यंत्रात हात सापडला, पहाड कोसळला, बॉयलर फुटला, अशा अपघातांत कामाचा आणि इजेचा संबंध उघड असतो. तेथे वाद होतो तो बहुधा रकमेविषयी. परंतु पाळी संपवून दुसऱ्याच बसमधून घरी निघालेला बसचालक वाटेत दगावला तर काय? कामावर निघालेल्या रेल्वे कर्मचाऱ्यास मध्यरात्री अज्ञात व्यक्तीने भोसकले तर तो 'अपघात' म्हणावा काय? ट्रकचालक कालव्यावर पाणी आणण्यास गेला आणि बुडाला, तर त्याचा मृत्यू ट्रक चालविण्याच्या कामातून उद्भवला असे म्हणता येईल काय?

असे दावे वरवर पाहता विक्षिप्त वाटतात आणि वृत्तपत्रांत ते कुतूहलाचे विषय होतात. कायद्याच्या अभ्यासकाच्या दृष्टीने मात्र त्यांचे महत्त्व वेगळे आहे. काम कोठे सुरू होते, कोठे संपते आणि त्यातील कोणती जोखीम मालकाची मानावयाची, या प्रश्नांची उत्तरे नेहमीच्या अपघातांतून मिळत नाहीत. ती या सीमेवरील दाव्यांतूनच मिळतात. प्रस्तुत लेखात भारतीय न्यायालयांपुढे आलेल्या अशा काही दाव्यांचा परामर्श घेऊन 'नोकरीची हद्द' ही कल्पना कशी घडत गेली, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. ही हद्द कायद्याने क्रमाक्रमाने रुंदावली; तथापि पुराव्याचा भार आणि निकालास लागणारा काळ यांमुळे त्या विस्ताराचा लाभ ज्या कुटुंबांसाठी होता त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचतो, असे या विवेचनाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. कायद्याची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये जखमी कामगारास न्यायालयात दाद मागणे जवळजवळ अशक्य होते. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा केला. जादा माल भरलेली गाडी मोडल्यामुळे त्याची मांडी मोडली होती. न्यायालयाने दावा फेटाळला. या निकालातून पुढे 'समान नोकरी'चा सिद्धांत रूढ झाला. सहकाऱ्याच्या चुकीमुळे इजा झाल्यास मालक जबाबदार नाही, असा त्याचा आशय होता. कामगाराने धोका स्वतःहून पत्करला होता, तसेच त्याचा स्वतःचाही निष्काळजीपणा होता, हे आणखी दोन बचाव मालकास उपलब्ध होते. या तीन बचावांपुढे कामगाराचा दावा क्वचितच टिकत असे.

जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विम्याचा कायदा करून वेगळी वाट घेतली. इंग्लंडमध्ये १८९७ च्या कायद्याने हे तत्त्व स्वीकारले गेले. या कायद्यांचा पाया 'दोष' नसून 'जोखीम' हा आहे. ज्या उद्योगाचा लाभ मालक घेतो त्या उद्योगातील अपघातांचा भारही त्याने सोसावा, मग चूक कोणाचीही असो, असा त्यामागील विचार आहे. भारतात हाच विचार कामगार नुकसानभरपाई कायदा, १९२३ या रूपाने आला आणि तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. पुढे २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील 'कामगार' हा शब्द जाऊन 'कर्मचारी' हा शब्द आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील सातव्या प्रकरणाने घेतली आहे. मात्र या लेखातील सर्व निकाल १९२३ च्या किंवा त्याच्याशी समांतर असलेल्या कायद्यांखालील आहेत आणि त्यांतून सिद्ध झालेली कसोटी नव्या संहितेतही कायम आहे.

३. दोन अटी, एक वाक्य

मूळ कायद्याच्या कलम ३ मध्ये मालकाचे दायित्व एका वाक्यात सांगितले होते. कामगारास 'नोकरीतून उद्भवलेल्या आणि नोकरीच्या ओघात घडलेल्या' अपघाताने शारीरिक इजा झाली पाहिजे. हे शब्द १८९७ च्या इंग्रजी कायद्यातून जसेच्या तसे आले. वाचताना ते एकच अट वाटतात. प्रत्यक्षात त्या दोन आहेत आणि दोन्ही पूर्ण व्हाव्या लागतात.

'नोकरीच्या ओघात' ही अट काळाची आणि स्थळाची आहे. अपघात घडला तेव्हा कामगार कामावर होता काय, असा प्रश्न ती विचारते. 'नोकरीतून उद्भवलेला' ही अट कार्यकारणाची आहे. काम आणि अपघात यांत संबंध होता काय, हे तीवरून पाहिले जाते. कामावर असताना कामगारास त्याच्या जुन्या आजाराने मृत्यू आला, तर पहिली अट पूर्ण होते, दुसरी होईलच असे नाही. उलट कामातील शत्रुत्वामुळे कामगारावर त्याच्या गावी सुट्टीत हल्ला झाला, तर कारण कामाशी जोडता येईल. पण 'ओघ' सिद्ध करणे कठीण जाईल. विलक्षण दाव्यांपैकी बहुतेक या दोन अटींच्या मधल्या फटीत सापडतात.

'अपघात' या शब्दाची व्याख्या कायद्याने केलेली नव्हती. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९०३ मध्ये त्याचा व्यवहारातील अर्थ स्वीकारला. अनपेक्षित, न योजलेली अनिष्ट घटना म्हणजे अपघात, मग तीमागे बाह्य आघात असो वा नसो, असे त्या निकालाचे सार आहे. भारतीय न्यायालयांनीही हाच अर्थ अनुसरला.

४. घर आणि कारखाना यांमधील वाट

सर्वाधिक वाद झाला तो कामावर जाण्यायेण्याच्या वाटेवरील अपघातांविषयी. सर्वसाधारण नियम असा होता की, नोकरी कामाच्या जागी पोहोचल्यावर सुरू होते आणि ती जागा सोडल्यावर संपते. सार्वजनिक रस्त्यावर कामगार हा इतर नागरिकांसारखाच एक वाटसरू असतो.

या नियमाची कठोर बाजू सौराष्ट्रातील एका मिठागराच्या खटल्यात दिसली. पोरबंदरजवळच्या या मिठागरातील कामगार खाडी ओलांडण्यासाठी नावेचा उपयोग करीत. जून १९५२ मध्ये ती नाव उलटली आणि काही कामगार बुडाले. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये एक महत्त्वाचे तत्त्व मान्य केले. नोकरीची हद्द कारखान्याच्या फाटकापाशीच संपते असे नाही. काळ आणि स्थळ या दोन्ही बाबतींत तिचा वाजवी 'काल्पनिक विस्तार' होऊ शकतो. परंतु ती नाव आणि तो उतार सार्वजनिक असल्यामुळे हा विस्तार तेथवर पोहोचत नाही, असे ठरवून दावा नाकारण्यात आला. तत्त्व प्रस्थापित झाले. बुडालेल्यांच्या कुटुंबीयांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

पाच वर्षांनी, १९६३ मध्ये, मुंबईच्या बेस्ट उपक्रमाच्या खटल्यात या तत्त्वाला फळ आले. जुलै १९५७ मध्ये एक बसचालक जोगेश्वरी आगारात आपली पाळी संपवून सांताक्रूझ येथील घरी जाण्यासाठी उपक्रमाच्याच दुसऱ्या बसमध्ये चढला. ती बस अंधेरीजवळ उभ्या असलेल्या लॉरीवर आदळली आणि त्यात तो मरण पावला. पाळी संपली होती, तो बस चालवीत नव्हता आणि रस्ता सार्वजनिक होता. तरीही बहुमताने नुकसानभरपाई मान्य झाली. गणवेशातील चालकांना बसमधून मोफत प्रवासाची मुभा नियमांनीच दिलेली होती. शहरभर पसरलेल्या आगारांत चालक वेळेवर पोहोचावेत आणि सेवा सुरळीत चालावी, हा तिचा हेतू होता. सबब, एखाद्या विस्तीर्ण कारखान्याच्या आवारातील रस्ता ज्याप्रमाणे कारखान्याचा भाग असतो त्याप्रमाणे उपक्रमाच्या बसगाड्यांचा ताफा हा नोकरीच्या स्थळाचाच भाग ठरतो, असा न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाचा आशय होता. एका न्यायमूर्तींनी भिन्न मत नोंदविले. प्रवासाची सवलत म्हणजे प्रवासाचे कर्तव्य नव्हे, हा त्यांचा आक्षेप तर्कदृष्ट्या दुर्लक्षणीय नाही.

हा विस्तार पुढे सरळ रेषेत वाढत गेला नाही. केरळमधील एक कामगार जून १९७१ मध्ये साडेचारच्या पाळीसाठी सायकलवरून निघाला असता, कारखान्यापासून सुमारे एक किलोमीटरवर त्याच्याच मालकाच्या लॉरीने त्याला धडक दिली आणि त्याचे गळ्याचे हाड मोडले. कर्मचारी राज्य विमा कायद्याखालील हा दावा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अमान्य केला. रस्त्यावरील अपघात कोठेही आणि कोणालाही होऊ शकतो. कामावर निघालेला असणे एवढ्यावरून तो नोकरीतून उद्भवला असे होत नाही, ही त्यामागील भूमिका होती. या निकालाचा परिणाम संसदेने २०१० मध्ये विमा कायद्यात कलम ५१-ई घालून दूर केला. घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघात, परिस्थिती, वेळ आणि स्थळ यांचा नोकरीशी संबंध सिद्ध झाल्यास, नोकरीतून व नोकरीच्या ओघात घडलेला मानावा, अशी ती तरतूद होती.

१९२३ च्या कायद्यात मात्र अशी तरतूद आली नाही. तो प्रश्न मराठवाड्यातील एका रखवालदाराच्या मृत्यूमुळे ऐरणीवर आला. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्यात तो नोकरीस होता आणि त्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून कामावर जात असताना कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अंतरावर त्याला अपघाती मृत्यू आला. मागे पत्नी, चार मुले आणि आई होती. नुकसानभरपाई आयुक्तांनी २००९ मध्ये ३,२६,१४० रुपये व्याजासह मंजूर केले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०११ मध्ये तो आदेश रद्द केला. २८ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा आदेश पुन्हा कायम केला. दोन्ही कायदे एकाच कल्याणकारी हेतूचे आहेत आणि त्यांतील शब्दप्रयोगही एकच आहे. सबब विमा कायद्यातील २०१० ची तरतूद ही स्पष्टीकरणात्मक असून पूर्वलक्षी आहे आणि तोच अर्थ १९२३ च्या कायद्यातील शब्दांनाही लागू करावा, असे न्यायालयाने ठरविले. पहाटे तीनच्या पाळीवर हजर होण्यासाठी रखवालदारास रात्रीच घराबाहेर पडावे लागते. त्या वेळी त्या रस्त्यावर असण्याचे कारण नोकरीखेरीज दुसरे नव्हते.

५. खून हा अपघात असू शकतो काय?

सामान्य बोलीत खून आणि अपघात हे परस्परविरोधी शब्द आहेत. एक हेतुपुरस्सर, दुसरा अहेतुक. नुकसानभरपाईच्या कायद्यात मात्र घटनेकडे मारेकऱ्याच्या नव्हे तर बळीच्या बाजूने पाहिले जाते. इंग्लंडमध्ये खाणकामगारांचे वेतन रेल्वेने घेऊन जाणाऱ्या रोखपालाचा लुटीसाठी खून झाला, तेव्हा १९१० मध्ये तो नोकरीतून उद्भवलेला अपघात मानला गेला. पैशाची ने-आण करणाऱ्याच्या कामातच ती जोखीम होती. शिक्षकवर्गास विशेष वाटावे असे उदाहरण आयर्लंडमधील आहे. ट्रिम येथील औद्योगिक शाळेतील एका शिक्षकावर विद्यार्थ्यांनी संगनमताने हल्ला केला व त्यात त्याचा मृत्यू झाला. तोही अपघातच होय, असा निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९१४ मध्ये अल्प बहुमताने दिला.

मुंबई उच्च न्यायालयाचे या विषयातील योगदान मोलाचे आहे. मुंबई बंदर विश्वस्त मंडळाच्या कार्यशाळेत अज्ञात इसमाने ठेवलेल्या बाँबच्या स्फोटात एका सुताराचा मृत्यू झाला, तेव्हा त्याच्या कुटुंबाचा दावा मान्य झाला. त्या वेळी त्या जागी असणे हे त्याच्या कामानेच त्याच्यावर आणलेले होते. त्यानंतरचा कुर्ला येथील मध्य रेल्वेचा खटला अधिक गाजला. रेल्वेच्या वसाहतीत राहणारा एक कर्मचारी २० डिसेंबर १९५२ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास कामावर जाण्यासाठी बाहेर पडला आणि लगेचच अज्ञात मारेकऱ्याने त्यास भोसकले. वसाहतीतून स्थानकावर जाण्यास रेल्वेच्या आवारातून जाणारी तेवढी एकच वाट होती. मुख्य न्यायमूर्ती मो. क. छागला यांच्या निकालाचा आशय असा : नोकरीमुळे कामगार विशिष्ट वेळी विशिष्ट जागी आला आणि तेथील धोक्याने त्याचा बळी घेतला, एवढे दाखविले की कार्यकारणसंबंध प्रस्थापित होतो. तो धोका केवळ त्याच्या कामाचाच विशेष होता, हे सिद्ध करण्याची गरज नाही. मात्र हल्ला वैयक्तिक वैरातून झाला असेल, तर धोका नोकरीने नव्हे तर त्या व्यक्तीने स्वतःच ओढवून घेतलेला ठरतो आणि दावा टिकत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये हाच विचार आणखी नेमका केला. नागालँडमधील दिमापूर येथे मार्च १९९५ मध्ये काही उतारूंनी ऑटोरिक्षा पळविली आणि चालकास ठार मारले. दावा मोटार वाहन कायद्याखाली होता. परंतु न्यायालयाने आधार घेतला तो कामगार नुकसानभरपाईच्या निकालांचा. कृत्यामागील प्रधान हेतू कोणता, ही कसोटी ठरविण्यात आली. विशिष्ट व्यक्तीस मारणे हाच हेतू असेल तर तो निव्वळ खून. हेतू वाहन चोरण्याचा असून त्या ओघात हत्या घडली असेल तर तो 'अपघाती खून' होय.

६. तळे आणि कालवा

दोन निकाल शेजारी ठेवून वाचले असता या शास्त्राचे मर्म अधिक स्पष्ट होते. कर्नाटकातील एक चालक प्रवाशांना घेऊन एका देवस्थानी गेला. तेथे तळ्याच्या पायऱ्यांवर बसलेला असताना तो पाण्यात पडून मरण पावला. वाहन उभे होते, प्रवासी देवदर्शनास गेले होते. तो त्या गावी कामानिमित्तच गेला होता, हे खरे. परंतु तळ्यावर जाण्याचा आणि वाहन चालविण्याचा संबंध दाखविता आला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये विमा कंपनीचे दायित्व अमान्य केले.

दुसरी घटना जुलै २००३ मधील आहे. अंबाल्याहून मेरठकडे ट्रक घेऊन निघालेला चालक यमुना कालव्यावर पाणी आणण्यास आणि अंघोळीस उतरला व घसरून बुडाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दावा मान्य केला. उत्तर भारतातील त्या दिवसांतील उष्मा, ट्रकच्या इंजिनाला लागणारे पाणी आणि लांबच्या प्रवासात चालकाने ताजेतवाने व सावध राहण्याची आवश्यकता यांचा न्यायालयाने विचार केला. चालकाने पाण्याजवळ जाणे ही त्याची वैयक्तिक चैन नव्हती. सुरक्षितपणे वाहन चालविण्याच्या कामाशी ते निगडित होते.

दोन्ही मृत व्यक्ती चालक होत्या, दोघेही बुडून मेले, दोघांचेही वाहन थांबलेले होते. फरक पडला तो पाण्यापाशी जाण्याच्या कारणामुळे. ते कारण सिद्ध करणारा मुख्य साक्षीदार म्हणजे स्वतः मृत कामगार. तो तर बोलू शकत नाही. अशा वेळी सहकारी, क्लीनर किंवा प्रवासी काय सांगतात आणि पहिल्या दिवशी कागदावर काय नोंदले जाते, यावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून राहते.

७. हृदयविकार : शरीराचा दोष की कामाचा ताण?

कामाच्या जागी हृदयविकाराने येणारा मृत्यू हा तितकाच कठीण प्रश्न. इंग्लंडमध्ये १९१० सालीच असे ठरले होते की, कामगाराची रक्तवाहिनी आधीच दुबळी असली, तरी नट आवळण्याच्या श्रमाने ती फुटली तर तो अपघात होय. कायदा निरोगी कामगाराची अपेक्षा धरीत नाही. मालकाने कामगार जसा आहे तसा स्वीकारलेला असतो.

तथापि कामाने त्या विकाराला हातभार लावला हे दाखवावे लागते. नेल्लोर येथील वीजकेंद्रातील कर्मचारी कामाच्या जागीच मरण पावला. त्याचे काम बटणे चालू-बंद करण्याचे होते आणि छातीचा विकार आधीचा होता. कामात विशेष ताण नव्हता, म्हणून २००६ मध्ये दावा फेटाळला गेला. एका ट्रकवरील क्लीनरच्या बाबतीतही काम आणि हृदयक्रिया बंद पडणे यांत संबंध दिसत नसल्याचे न्यायालयाने म्हटले. याउलट दिल्लीहून निघून ११५२ किलोमीटरवरील निमियाघाट येथे पोहोचलेल्या ४५ वर्षांच्या ट्रकचालकास अस्वस्थ वाटू लागले. त्याने ट्रक रस्त्याकडेला उभा केला आणि तेथेच तो कोसळला. २०१२ च्या अखेरीस दिलेल्या या निकालात इतक्या लांबच्या सलग प्रवासाचा ताण हेच कारण मानून सर्वोच्च न्यायालयाने भरपाई दिली.

या तीन निकालांत विसंगती आहे असे म्हणता येणार नाही. पण कुटुंबाने कामाच्या ताणाविषयी कोणता पुरावा पुढे आणला, याचा निकालावर किती परिणाम होतो, हे त्यांतून दिसते. शवविच्छेदन झाले नाही, अतिकालाची नोंद ठेवली नाही किंवा पूर्वीच्या आजाराचा उल्लेख तेवढा नोंदला गेला, की दावा दुर्बळ होतो.

८. बेपत्ता खलाशी आणि पुराव्याचे ओझे

पुराव्याविषयीचा आधारभूत निकाल समुद्रावरील एका घटनेतून आला आहे. डिसेंबर १९६१ मध्ये 'द्वारका' या जहाजावरील एक खलाशी प्रवासात बेपत्ता झाला. त्याचा मृतदेह सापडला नाही आणि तो समुद्रात पडताना कोणी पाहिले नाही. मुंबईत दाखल झालेला त्याच्या कुटुंबाचा दावा अतिरिक्त आयुक्तांनी फेटाळला, उच्च न्यायालयाने मान्य केला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा फेटाळला. खलाशी नोकरीच्या ओघात नाहीसा झाला, यात शंका नव्हती. परंतु तो कामातून उद्भवलेल्या अपघाताने मेला की अन्य कारणाने, हे सांगण्यास आधार नव्हता.

न्यायालयाने येथे दिलेला नियम आजही मार्गदर्शक आहे. कार्यकारणसंबंध सिद्ध करण्याची जबाबदारी दावेदाराची आहे. प्रत्यक्ष साक्षीदार असलाच पाहिजे असे नाही. सिद्ध झालेल्या परिस्थितीवरून वाजवी अनुमान काढता येते. मात्र अनुमान आणि निव्वळ तर्क यांतील सीमा ओलांडता येत नाही. नियम तत्त्वतः न्याय्य आहे. व्यवहारात तो दोन असमान पक्षांमध्ये लावला जातो, ही त्याची अडचण होय. हजेरीपट, जहाजाची रोजनिशी, यंत्राच्या देखभालीच्या नोंदी हे सारे मालकाकडे असते. सिद्ध करावयाचे असते ते मात्र विधवेने.

९. रक्कम, व्याज आणि काळ

१९२३ च्या कायद्यातील मृत्यूच्या भरपाईचे सूत्र सोपे होते : मासिक वेतनाच्या ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला घटक. वेतनाची कमाल मर्यादा जानेवारी २०२० पासून १५,००० रुपये करण्यात आली होती. ४० वर्षांच्या कामगारासाठी घटक १८४.१७ असल्याने कमाल भरपाई १३,८१,२७५ रुपये होत असे. प्रत्यक्ष वेतन यापेक्षा जास्त असले तरी हिशेब या मर्यादेनेच होई.

अपंगत्वाच्या बाबतीत अवयवाच्या टक्केवारीपेक्षा कामाची क्षमता महत्त्वाची ठरते. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडून डावा हात गमावलेल्या सुताराच्या खटल्यात, एका हाताने सुतारकाम होऊ शकत नाही, म्हणून ते पूर्ण अपंगत्व मानले गेले. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७५ च्या त्याच निकालात आणखी एक तत्त्व आले. भरपाई अपघात घडताक्षणीच देय होते. आयुक्तांनी रक्कम ठरविण्याची वाट पाहण्याचा अधिकार मालकास नाही. एक महिन्यात रक्कम न दिल्यास १२ टक्के व्याज आणि समर्थनीय कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड अशी तरतूद पुढे होती. मृत्यूच्या प्रकरणी मालकाने वारसांच्या हाती परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागे. शोकाकुल कुटुंबाकडून अल्प रकमेत सही घेतली जाऊ नये, हा त्यामागील हेतू होता.

एवढी संरक्षणे असूनही काळाचा हिशेब विदारक आहे. वर उल्लेखिलेल्या रखवालदाराच्या कुटुंबास अंतिम निकालासाठी २२ वर्षे थांबावे लागले. ट्रकचालक कालव्यात बुडाल्यापासून निकालापर्यंत जवळजवळ १७ वर्षे गेली. सायकलस्वार कामगाराचा दावा २५ वर्षांनी फेटाळला गेला. अपघाताच्या वेळी शाळेत असलेली मुले निकालाच्या वेळी स्वतः कमावती झालेली असतात. भरपाईचा हेतू कमावता हात गेल्यानंतरची पहिली वर्षे निभावून नेणे हा आहे. व्याजाने रक्कम वाढते. मधल्या काळात सुटलेले शिक्षण आणि विकलेली जमीन परत येत नाही.

१०. नवी संहिता आणि राहिलेले प्रश्न

सामाजिक सुरक्षा संहितेने घर ते कामाची जागा या प्रवासातील अपघाताची तरतूद आता भरपाईच्या प्रकरणातच समाविष्ट केली आहे. परिस्थिती, वेळ आणि स्थळ यांचा नोकरीशी संबंध दाखविल्यास असा अपघात नोकरीतूनच उद्भवलेला मानला जातो. १९५८ च्या नावेपासून सुरू झालेला वाद येथे मोठ्या प्रमाणावर मिटतो. 'संबंध' म्हणजे काय, हा प्रश्न मात्र उरतोच. वाटेत मुलास शाळेत सोडण्यासाठी घेतलेले वळण, किंवा नेहमीचा रस्ता सोडून घेतलेली आडवाट या प्रवासात मोडते काय, हे पुढील दाव्यांतून ठरेल.

दुसरा प्रश्न अधिक व्यापक आहे. भ्रमणध्वनीवरील मागणीनुसार घरोघरी वस्तू पोहोचविणाऱ्या तरुणाचा संपूर्ण कामाचा दिवस रस्त्यावरच जातो. संहितेने 'गिग' आणि 'प्लॅटफॉर्म' कामगारांची स्वतंत्र व्याख्या करून त्यांच्यासाठी अपघात विम्यासारख्या योजनांची तरतूद केली आहे; परंतु मालक आणि कर्मचारी या नात्यावर आधारलेला भरपाईचा हक्क त्यांना त्या व्याख्येने आपोआप मिळत नाही. बसगाड्यांचा ताफा हाच कारखाना, असे १९६३ मध्ये म्हणणाऱ्या न्यायविचारापुढे आता संपूर्ण शहरच कारखाना झाले आहे.

महाविद्यालयांनाही हा विषय दूरचा नाही. संस्थेच्या बसचा चालक व क्लीनर आणि आवारातील इमारतीच्या बांधकामावरील मजूर हे या कायद्याच्या कक्षेत येणारे वर्ग आहेत. २०१७ च्या दुरुस्तीने कर्मचाऱ्यास नेमणुकीच्या वेळीच त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती लेखी देणे मालकावर बंधनकारक केले होते. ही माहिती त्याच्या भाषेत देणे, अपघाताची नोंद त्याच दिवशी करणे आणि सहकाऱ्यांचे जबाब जपून ठेवणे, एवढ्या साध्या गोष्टींनी पुढील अनेक वर्षांचा वाद टळू शकतो.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, नोकरीची हद्द ही भिंतीने वा घड्याळाने ठरत नाही. त्या वेळी त्या जागी कामगाराला कोणी आणि कशासाठी आणले, यावरून ती ठरते. दुसरी, 'अपघात' म्हणजे काय हे बळीच्या बाजूने पाहावयाचे असल्याने खून, स्फोट किंवा हृदयविकार यांनाही त्यात स्थान मिळू शकते. मात्र कामाशी संबंध जोडणारा दुवा पुराव्याने दाखवावा लागतो. तिसरी, कायद्याचा अर्थ सातत्याने उदार होत गेला असला, तरी तो उदारपणा प्रत्येक वेळी एखाद्या कुटुंबाच्या दीर्घ प्रतीक्षेतून आला आहे.

म्हणून यापुढील सुधारणा केवळ व्याख्येत होऊन भागणार नाही. कामाच्या नोंदी मालकाकडे असताना त्या सादर न केल्यास त्याच्याविरुद्ध अनुमान काढणे, निर्विवाद रक्कम वाद चालू असतानाच कुटुंबास देणे आणि अपिलांस कालमर्यादा घालणे, या दिशेने विचार झाला पाहिजे. १९२३ च्या कायद्याने दोषाचा प्रश्न बाजूला ठेवला तो भरपाई लवकर मिळावी यासाठी. ती वेळेवर पोहोचली, तरच त्या तत्त्वाचा हेतू सफल झाला असे म्हणता येईल.